मावशीच्या गोळ्या आणि रायणीची कलमं

नवं औषध येतंय एवढं ऐकून तुम्ही हातातलं औषध सोडाल का? नाही म्हणायची घाई करू नका. माझ्या मावशीने सोडलं होतं.

मावशी मसोलीच्या एका वाडीत चिकूची कलमं बांधते. तिला एचआयव्ही आहे, हे नातलगांत फक्त मला माहीत. कसा झाला, हे मी कधी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका. मी तलासरीची. आमच्या घरी पुस्तकं कमी, चळवळीची पत्रकं जास्त. अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. म्हणून कुणी काही विचारलं की मी भाषणच सुरू करते.

त्या दुपारी कलमांना पाणी घालायला मी तिच्याबरोबर होते. सुपारीचा डबा काढायला तिने पिशवी उघडली, तेव्हा आत गोळ्यांची बाटली दिसली. सील तसंच होतं.

"थांबवल्या," ती म्हणाली. "आता अँटिबॉडीचं इंजेक्शन येतंय. मोबाईलवर बातमी बघितली."

मी त्याबद्दल वाचलं होतं. सांगू लागले. काही थोड्या लोकांच्या शरीरात या विषाणूच्या बऱ्याच रूपांना अडवणारी अँटिबॉडी तयार होते. ती शोधून प्रयोगशाळेत बनवतात आणि दुसऱ्यांना टोचतात; लागण होऊ नये म्हणूनही, झालेल्याच्या उपचारासाठीही. पण विषाणू रूप बदलून एकीला चुकवतो, म्हणून दोन-तीन एकत्र देऊन बघतात. टोचलेली अँटिबॉडी हळूहळू ओसरते, पुन्हा टोचावी लागते. हे सगळं अजून चाचण्यांत आहे. तिथे कुणाच्या गोळ्या थांबवल्याच, तर डॉक्टर सारखं रक्त तपासत राहतात.

"झालं पत्रक वाचून?" मावशी म्हणाली. "रोज गिळायचं मला आहे, गो. लग्नाला गेले तरी पिशवी मांडीवर घेऊन बसते. कुणी हात घालेल म्हणून जेवण गोड लागत नाही."

मी पाणी घालत राहिले. मांडवावर कुंडीतली रायणीची, म्हणजे खिरणीची, रोपं चिकूच्या झाडाच्या फांद्यांना बांधलेली होती; फांदी रोपाशी जुळली की त्याचं कलम होतं. एक फांदी मला चांगली जुळल्यासारखी वाटली. ही आता झाडापासून कापू का, मी विचारलं.

"हात लावू नको. अजून धरलं नाही. रोपाने धरलं की मगच आईपासून तोडायची. आत्ता तोडलीस तर दोन दिवसांत सुकेल."

बोलता बोलता तिची नजर गोळ्यांच्या पिशवीवर गेली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मुद्दाम विचारलंस ना? लबाड आहेस."

दुसऱ्या दिवशी आम्ही सरकारी दवाखान्यातल्या एआरटी केंद्रात, या गोळ्या मिळतात तिथे, गेलो. समुपदेशक ताई रागावल्या नाहीत. रक्त घेतलं, डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. परतताना रिक्षात मावशीने हळूच विचारलं, "ते इंजेक्शन आलंच, तर आधी कुणाला मिळेल? सायवनसारख्या लांबच्या गावातल्या बाईला मिळेल का?"

मला माहीत नव्हतं. अजून नाही. पण औषध सिद्ध झाल्यावर हा प्रश्न विचारणं म्हणजे उशीर करणं, एवढं मला कळतं.

म्हणून दोन गोष्टी करा. तुमच्या माहितीत कुणी गोळ्या थांबवल्या असतील, तर उपदेश न करता उद्या त्यांच्याबरोबर केंद्रात जा. आणि तिथे गेल्यावर मावशीचा प्रश्न मोठ्याने विचारा.