निंब कोणाचा?
परवा कबड्डीच्या मैदानावर चुन्याची फक्की टाकताना पाहिली आणि कळंबच्या घराची मोजणी आठवली. घर पसंत होतं, पण बायको अडून बसली होती, "आधी मोजनी करा. कुंपनाजवळचा निंब आपला निंगाला तरच घर घ्याचं!" मोजणीवाल्याने मशीन लावली, फक्कीची रेघ निंबाकडे सरकू लागली आणि आम्ही दोघं श्वास रोखून तिच्या मागेमागे. रेघ झाडाच्या पलीकडून गेली! बायकोने तिथंच टाळ्या पिटल्या. इतकी वर्षं निंब आपलाच समजणारे शेजारचे चाचा हसून म्हणाले, "झाड तुमचं, पन सावली तं माह्याच आंगनात पडते. चहा प्याले इकडंच येत जा." ती रेघ कधीच पुसली गेली, दुपारचा चहा मात्र अजून चाचांच्या अंगणात, आमच्या निंबाखाली होतो.