आमच्या ऑफिसचं रीस्टार्ट

मी मराठी, पण कोलकात्यातच जन्मले आणि वाढले. एस्प्लनेडला पंखे बनवणाऱ्या एका कंपनीचं मुख्य ऑफिस आहे, तिथं कम्प्युटरचं खातं मी सांभाळते. खातं म्हणजे मी, एक सर्व्हर आणि कधीच थंड न होणारा एक एसी. आमचे डीलर आपल्या ऑर्डरी एका वेबसाइटवरून देतात. तिला ऑफिसात पोर्टल म्हणतात, आणि पोर्टल हा शब्द आमचे जीएम साहेब देवाचं नाव घेतल्यासारखा घेतात.

दुर्गापूजेच्या आधीचे दिवस होते. मांडववाल्यांना पंखे हवे असतात, त्यामुळे डीलर घायकुतीला आलेले. एका सकाळी साहेब माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "मॅडम, पोर्टल जरा स्लो वाटतंय. रीस्टार्ट करा."

साहेबांचा रीस्टार्टवर फार विश्वास. लिफ्ट अडकली, फोन लागेना, हिशेबखात्यातल्या दोघांचं भांडण झालं, सगळ्यांवर त्यांचा एकच उपाय. मी म्हटलं, "साहेब, गर्दी आहे म्हणून थोडं हळू आहे. संध्याकाळी करू या का?"

"आत्ताच करा. दोन मिनिटांचं तर काम."

मी केलं. सर्व्हर बंद झाला तो झालाच, पुन्हा उठेना. पडद्यावर ओळ आली की अमुक एक मॉड्यूल लोड करता येत नाही. मॉड्यूल म्हणजे सर्व्हरला जोडलेला एक छोटा प्रोग्रॅम. आमचा हा प्रोग्रॅम डीलरची ओळख तपासायचा. दारावरचा दरवान म्हणा. दरवान कामावर येत नाही तोवर मालक दुकानच उघडायला तयार नाही, अशी ती अवस्था.

साहेबांनी खिशातून मोबाइल काढला, पडद्याचा फोटो घेतला आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. त्या क्षणापासून आजार माझ्या हातात राहिला नाही. आख्खं ऑफिस डॉक्टर झालं. विक्रीखात्याने व्हायरस असल्याचं कळवलं. कुणीतरी जोडलेल्या हातांची सहा चित्रं पाठवली. हिशेबखात्याचे प्रमुख बागबाजारचे, निवृत्तीला आलेले, मला धाकट्या बहिणीसारखं मानणारे. ते चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, "आमच्या पूर्वजांनी तुम्हा मराठ्यांना, म्हणजे बंगाल लुटायला आलेल्या बर्गींना, अडवायला शहराभोवती खंदक खणला होता. तो पुरा खणला असता तर आज ही वेळ आली नसती."

"दादा, सर्व्हर मी पाडला नाही."

"बर्गीही असंच म्हणत असणार," ते म्हणाले आणि समाधानाने चहा मागवला.

सर्व्हरची देखभाल पुण्याची एक एजन्सी करते. तिथल्या इंजिनिअरला फोन लावला. मी हिंदीत सुरुवात केली; माझं आडनाव ऐकून तो मराठीत आला.

"अरे वा, मॅडम मराठी! कोलकात्याला बदली होऊन गेलात का?"

"नाही, इथलीच आहे. पणजोबांपासून."

"काय सांगता! आणि मराठी किती छान बोलता हो तुम्ही!"

हे कौतुक मी आजवर पुण्याच्या प्रत्येक माणसाकडून ऐकलंय. मी म्हटलं, "तुम्हीही छान बोलता. मॉड्यूल लोड होत नाहीये."

त्याने ग्रुपवरचा तोच फोटो मागवून घेतला. "हे बघा मॅडम, 'फाइल सापडत नाही' असं म्हणतोय. म्हणजे मॉड्यूलची फाइल गायब आहे."

"फाइल आहे. मला समोर दिसतेय."

"नसणार."

"अहो, आहे. परवानग्याही बरोबर आहेत."

"मग असं करा, मी नवी पाठवतो, तिच्यावर टाका. आमच्याकडून तसं सगळं ओके आहे. आम्ही शुक्रवारीच साफसफाई केली, त्यानंतर आत्तापर्यंत चालूच होतं ना?" हे मात्र खरं होतं.

नवी फाइल आली, टाकली, ओळ तीच. पुढचं काही बघणार तेवढ्यात साहेबांनी बैठक बोलावली. विषय होता, पोर्टल अजून का दुरुस्त झालं नाही. बैठकीत मी सोडून सगळे बोलले. शेवटी साहेब माझ्याकडे वळले. "हे मॉड्यूल करतं काय?"

"आलेला डीलर कोण आहे हे तपासतं."

"आपल्याला माहीत नाही का आपले डीलर कोण ते? काढून टाका ते."

"साहेब, ते काढलं तर कुणीही आत शिरेल."

"आपल्या पोर्टलमध्ये शिरून कुणी काय पंखे चोरणार? जबाबदारी माझी."

मी सर्व्हरच्या सेटिंगमधली मॉड्यूलची ओळ आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या ओळी बंद केल्या. सर्व्हर सुरू झाला. टाळ्या वाजल्या. साहेबांनी ग्रुपवर अंगठा दाखवला आणि खाली लिहिलं की नेतृत्वाने ठरवलं तर तांत्रिक अडचणी टिकत नाहीत.

थोड्याच वेळात बजबजच्या डीलरचा फोन आला. मोठा धोरणी माणूस, कधी आवाज चढवणार नाही. "दिदी, पोर्टल आज फारच सुंदर झालंय."

"काय झालं?"

"बागबाजारच्या डीलरची सगळी ऑर्डर मला दिसतेय. कुठला मांडव, किती पंखे, कधी पोचवायचे, सगळं. एक पंखा कमी करून पाहिला. झाला हो कमी!"

आलेला माणूस कोण हे कळत नसल्यामुळे पोर्टल सगळ्यांना सगळंच दाखवत होतं. मी धावत जाऊन सर्व्हर बंद केला. दरम्यान बागबाजारवाल्याने बजबजवाल्याची ऑर्डर पाहिली होती, आणि त्याचा स्वभाव धोरणी नव्हता. त्याने साहेबांना फोन करून जे ऐकवलं ते केबिनच्या काचेतून बाहेर येत होतं. साहेब फक्त "ना, ना, दादा" एवढंच म्हणत होते.

फोन ठेवून त्यांनी लगेच दुसरी बैठक बोलावली. या बैठकीत मॉड्यूल समिती नेमली गेली. समितीत विक्री, हिशेब, गोदाम आणि मनुष्यबळ या खात्यांना प्रतिनिधित्व मिळालं. कम्प्युटर खात्याला मिळालं नाही, कारण चौकशी त्याच खात्याची होती. समितीचं पहिलं काम आपली कार्यकक्षा ठरवणं हे होतं. कार्यकक्षा ठरेना म्हणून सगळे खाली कोबिराजी कटलेट खायला गेले.

ऑफिसात शांतता पसरली. सकाळपासून पहिल्यांदा मी आणि सर्व्हर दोघंच होतो. डब्यातली पोळी-भाजी उजव्या हाताने खात डाव्या हाताने ती ओळ पुन्हा काढली. या वेळी माउसने पडदा उजवीकडे सरकवला. ओळ पडद्याच्या बाहेर बरीच पुढे गेली होती. साहेबांच्या फोटोत तिचा निम्मा भागच आला होता, आणि सकाळपासून त्या निम्म्या ओळीवर आख्खी कंपनी बोलत होती. उरलेल्या भागात सर्व्हरने स्वच्छ लिहिलं होतं की सापडत नाही ती फाइल मॉड्यूलची नव्हेच. मॉड्यूल जागेवर होतं. त्याला चालायला एक जुनी लायब्ररी, म्हणजे तयार कोडची आणखी एक फाइल लागायची, ती जागेवर नव्हती. मला हसू आलं आणि घास अडकला. बैठकांनी मला खुर्चीत टेकू दिलं असतं तर हे सकाळीच दिसलं असतं.

पुण्याला फोन केला. त्या लायब्ररीचं नाव घेतलं तेव्हा पलीकडे कीबोर्डची खडखड झाली.

"मॅडम, शुक्रवारी जुन्या, नको असलेल्या गोष्टी काढल्या ना आम्ही... त्यात ती गेली असेल."

"मग आज सकाळपर्यंत चालू कसं होतं?"

"चालू सर्व्हरने ती आधीच मेमरीत घेतलेली असते. रीस्टार्ट होईपर्यंत कळतच नाही."

लायब्ररी परत बसवली, बंद केलेल्या ओळी उघडल्या, आधी तपासणीची आज्ञा देऊन पाहिली. सगळं ठीक असल्याचं उत्तर आलं. मग सर्व्हर सुरू केला. डीलरला आता फक्त आपापलंच दिसत होतं. समिती कोबिराजी खाऊन वर आली तेव्हा पोर्टल चालत होतं. हे कळल्यावर समितीतल्या सगळ्यांचे चेहरे थोडे पडले. हिशेबखात्याच्या दादांनी तर विचारलंच, "मग आता आम्ही काय करायचं?"

संध्याकाळी निघताना पुण्याहून पुन्हा फोन आला. "मॅडम, अहवाल तुम्हीच लिहिणार ना? जरा सांभाळून घ्या. शेवटी आपण मराठी माणसं."

सकाळी ज्याला माझ्या मराठीचं आश्चर्य वाटलं होतं त्यानेच मला आता आपल्यात घेतलं होतं. खरं सांगायचं तर क्षणभर बरंही वाटलं. तरी मी झालं ते लिहिलं: शुक्रवारी लायब्ररी निघाली, रीस्टार्टनंतर ते उघड झालं, दरम्यान मॉड्यूल बंद ठेवल्यामुळे ऑर्डरी उघड्या पडल्या.

साहेबांनी अहवाल दोनदा वाचला. 'रीस्टार्ट' आणि 'बंद ठेवल्यामुळे' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारली. दुसऱ्या दिवशी तो सुधारून आला. त्यात म्हटलं होतं की तांत्रिक परिस्थिती आपोआप उद्भवली आणि सर्व खात्यांच्या सहकार्याने तिचं निवारण झालं. एजन्सीच्या तत्परतेबद्दल एक वाक्य होतं. समिती कायमस्वरूपी करण्यात आली आणि तिची बैठक दर गुरुवारी ठरली.

मी सही केली नाही. "साहेब, हे मी लिहिलेलं नाही," एवढंच म्हटलं. मला वाटलं, आता काहीतरी ऐकावं लागणार. ते म्हणाले, "ठीक आहे मॅडम, सहीची जागा समितीच्या अध्यक्षांसाठीच आहे." आणि अध्यक्ष ते स्वतःच होते.

गुरुवारी समिती बसते तेव्हा सगळं ऑफिस बैठकीच्या खोलीत असतं. मला कुणी बोलवत नाही. एजन्सीने आठवड्यात काय काढलं आणि काय ठेवलं ते मी त्या वेळात शांतपणे तपासून घेते.