माझ्या पुस्तकावर गावाच्या सह्या

प्रकाशकांचं पत्र आलं तेव्हा मी निवेदनं लिहून लिहून थकलो होतो. तीन वर्षांत तीन निवेदनं. आमच्या विहिरींचं पाणी टँकर भरभरून मुंबईकडे नेतात, विहिरी खाऱ्या होत चालल्यात, केळीच्या पानांच्या कडा करपतात, हे थांबवा. मजकूर तोच, तारीख नवी. दर वेळी सायकल काढायची, पापडी गावापासून खाली मिठागरांच्या कडेच्या पाड्यांपर्यंत दारोदार फिरायचं, सह्या नि अंगठे घ्यायचे, कागद कचेरीत द्यायचा, पोच घ्यायची. दुसऱ्या दिवशी टँकर नेहमीच्या वेळी हजर.

म्हणून मी या पाण्यावरच पुस्तक लिहिलं. मोठ्यानं कधी कबूल केलं नव्हतं, पण मला त्या फिरण्यातून सुटका हवी होती. आता पुस्तक फिरेल, आपण बसू, असं वाटलं होतं.

पत्रात लिहिलं होतं, एका रविवारी तुमच्या गावच्या वाचनालयात बसा, वाचक येतील, प्रतींवर सह्या करा. आमचा माणूस पुस्तकं घेऊन येईल. शेवटी एक ओळ होती: दुसऱ्या हस्तलिखिताचं त्यानंतर ठरवू. ते दुसरं हस्तलिखित मिठागरांतल्या कामगारांवर होतं आणि आठ महिने त्यांच्याकडे पडून होतं. ते छापलं जाणार की नाही, ते आता या रविवारावर होतं.

मला हा प्रकार पटत नव्हता. मी पत्रकांवर वाढलो. वडील गिरणीतल्या संघटनेचे, घरात पत्रकांचे गठ्ठे. मी अक्षरंसुद्धा त्यांच्या कोऱ्या बाजूवर गिरवली. पत्रकाला लेखक नसतो. खाली ‘समस्त ग्रामस्थ’ किंवा ‘आपले कामगार बंधू’ असतं आणि त्याखाली बारीक टायपात छापखान्याचं नाव. पुस्तकावर स्वतःचं नाव पाहूनच मला अवघडल्यासारखं झालं होतं. छापलेलं नाव पुन्हा हातानं कशाला लिहायचं? मी तसं कळवलं. उत्तर आलं, वाचकांना आवडतं. त्यातही दुसऱ्या हस्तलिखिताचा उल्लेख होताच. मग मी वाद घातला नाही.

आमंत्रण मीच छापून घेतलं. निवेदनांच्या पत्रकांचा नेहमीचा छापखाना, नेहमीचा पिवळा कागद, कारण तोच स्वस्त. नेहमीच्याच वाटेनं सायकलवरून ते वाटलंही. चूक तिथं झाली, पण मला ती रविवारपर्यंत कळली नाही.

रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर लोक यायला लागले. मिठागराकडची, भातशेतीवाली माणसंही आली. रांग वाचनालयाच्या दाराबाहेर गेली. प्रकाशकांचा माणूस, पांढऱ्या बुशशर्टातले एक गृहस्थ, माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "अहो, दादरलासुद्धा एवढी रांग लागत नाही!" मलाही बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

पहिले आले ते आमच्या शेजारचे, पानवेली लावणारे काका. मी पुस्तकाचं पहिलं कोरं पान उघडलं. काकांनी माझ्या हातातलं पेन घेतलं, चष्मा लावला, त्या पानावर स्वतःची सही केली आणि खाली गावाचं नाव घातलं.

"झालं. बायकोची पण करून टाकू? ती स्वयंपाकात आहे."

मला थट्टा वाटली. पण मागच्यानं त्यांच्या सहीखाली सही केली. तिसऱ्यानं विचारलं, "अनुक्रमांक घातले नाहीस या वेळी?"

तेव्हा उलगडलं. टेबल, पेन, मी आणि पिवळा कागद. याचा अर्थ गावाला एकच माहीत होता: निवेदन.

मी लगेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पान भरलं तेव्हा दुसरी प्रत उघडून पुढे केली, मग तिसरी. गृहस्थांना आधी वाटलं, लोक अभिप्राय लिहितायत. मग मिठागराकडच्या पाड्यावरची एक आजी पुढे आली. तिनं ग्रंथपालांकडून शिक्क्यांचं पॅड मागून घेतलं, अंगठा निळा केला आणि तो पानाकडे नेला. गृहस्थांनी तिचं मनगट धरलं.

"अहो आजी, काय करताय! पुस्तक खराब होईल!"

"सोड माजा हात." ती माझ्याकडे वळली. "ह्यो कोन? कचेरीचा मानूस?"

"नाही आजी. पुस्तकवाले आहेत." मग मी सगळं सांगितलं. हा अर्ज नाही. मी लिहिलेलं पुस्तक आहे, विकायला ठेवलंय, आणि सही मी करायची आहे.

"तू करनार? तुला इकडं कोन वलखत नाय?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आजी, त्याला आता मोठ्या लोकांत जायचंय."

"जाऊ दे की!" दुसरा एक म्हणाला. "जाताना तेवढे टँकर घेऊन जा म्हणावं."

रांग हसली. आजी हसली नाही. "मंग पान्याचा काय?" ती म्हणाली. "आता चाय पन खारी लागते. मी घरी सांगून आले, अंगठा देऊन येते."

गृहस्थ हळूच म्हणाले, "रांग आहे तोवर बोला. पुस्तक घेतलं तर सही मिळेल, एवढंच सांगा." ते वाईट नव्हते, त्यांचं काम करत होते. माझं दुसरं पुस्तक त्यांच्या अहवालावर अवलंबून आहे, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

मी ग्रंथपालांकडे फुलस्केप कागद मागितले. चौथं निवेदन तिथंच बसून लिहिलं. मजकूर पाठ होता. गृहस्थ पुस्तकं सुतळीनं बांधायला लागले. सह्या झालेल्या तीन प्रती त्यांनी टेबलावरच ठेवल्या. "या आता विकता येणार नाहीत," म्हणाले. एका शिक्षकांनी एक प्रत घेतली. ते घाईत होते, सही मागितली नाही. दुसऱ्या पुस्तकाचं कळवतो असं सांगून गृहस्थ स्टेशनकडे गेले, आणि पंधरवड्यात हस्तलिखित रजिस्टर्ड टपालानं परत आलं.

हल्ली नव्यानं लिहिणारे विचारतात, अशा सह्यांच्या कार्यक्रमाचा लेखकाला उपयोग होतो का? मी एकदाच बसलो, आणि एकही सही केली नाही. अनोळखी वाचकांत उपयोग होत असेल. जिथं लोक आपल्याला ओळखतात तिथं त्यांना आपली सही नको असते, काम हवं असतं, आणि मी तर त्या कामातूनच सुटायला बघत होतो.

त्या रविवारी आजीचा अंगठा फुलस्केपवर सगळ्यात वर घेतला. तिनं बोट लुगड्याला पुसलं आणि विचारलं, "ह्या टायमाला तरी कागद वाचतील ना रं?"

"वाचतील," मी म्हणालो. मला तसं वाटत नव्हतं. पण ती बांधाबांधानं तीन मैल चालत आली होती, आणि तेवढंच परत जायची होती.