पुरवणीच्या दारातले मामा

माझ्या बायकोच्या मामांनी आयुष्यात एकही गोष्ट तपासल्याशिवाय पुढे जाऊ दिली नाही. यात भेंडी, जावई आणि राक्षस हे तिन्ही आले. अंबरनाथच्या एका कारखान्यात तीस वर्षं ते तपासणी खात्यात होते. तिथे मालाला तीन रंगांच्या चिठ्ठ्या लागत. हिरवी म्हणजे पास, पिवळी म्हणजे दुरुस्तीला, लाल म्हणजे बाद. निवृत्त झाल्यावर चिठ्ठ्या कारखान्यात राहिल्या, पण रंग मामांच्या तोंडात राहिले. कुळगावच्या बाजारात ते प्रत्येक भेंडीचं टोक मोडून, उजेडात धरून, देठाशी वास घेऊन मग पिशवीत टाकत. भाजीवाली एकदा वैतागून म्हणाली, "दादा, भेंडी घेताय का पोरगी बघताय?" मामांनी तिला शांतपणे सांगितलं की पोरगी बघायला ते इतका वेळ लावत नाहीत, मुलगा बघायला लावतात. हे खरं होतं. आमच्या कांद्यापोह्यांच्या वेळी मुलगी बाजूला राहिली आणि मामांनी मलाच खिडकीपर्यंत चालायला लावलं, कॉलर उलटून पाहिली, एका कागदावर माझ्याकडून दहा ओळी लिहून घेतल्या आणि जाहीर केलं, "अक्षर हिरवं. बाकी पिवळं." लग्न झालं, दोन मुलं झाली, मी एका खासगी कंपनीत स्टोअरकीपरचा मुख्य स्टोअरकीपर झालो. पिवळं मात्र पिवळंच राहिलं.

त्यांची दुसरी सवय काडेपेटीची. मामा विडी-सिगारेटच्या वाटेला कधी गेले नाहीत, तरी त्यांच्या खिशात काडेपेटी असे. कारण असं, की कारखान्यात आग लागेल अशी कुठलीही वस्तू न्यायला सक्त मनाई होती. सकाळी गेटवर दरवान विचारायचा, "तयार?" आणि प्रत्येकाने आपली काडेपेटी, लायटर काय असेल ते जमा करून पितळी बिल्ला घ्यायचा. मामांकडे जमा करायला काही नव्हतं. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांना वाटू लागलं की ज्याच्याकडे काहीच निघत नाही त्याच्याकडे दरवान जास्त संशयाने बघतो. म्हणून त्यांनी मुद्दाम एक काडेपेटी विकत घेतली. ती रोज सकाळी जमा करायची, संध्याकाळी बिल्ला देऊन परत घ्यायची. तीस वर्षं तीच काडेपेटी आणि त्यातली एकही काडी ओढलेली नाही. या सगळ्याचा परिणाम असा झाला की कुणाच्याही घरी येता-जाता मामा उंबऱ्यावर क्षणभर थांबत आणि दोन्ही हात अंगापासून किंचित दूर धरून उभे राहत, झडतीची वाट पाहत असल्यासारखे. नवख्या माणसाला वाटे, यांना नमस्कार करायचाय की उडायचंय. माझी बायको मात्र दर वेळी विचारायची, "मामा, काडेपेटी ठेवलीत का?" मग ते हसून चपला घालत.

मामी गेल्यावर कुळगावच्या घरात मामा एकटे राहिले आणि त्यांना कुणी काही तपासायला देईना. मुलगी नागपूरला, भाजी एका माणसापुरती, जवळपास जावई एकच आणि तो आधीच तपासलेला. त्याच सुमाराला, म्हणजे नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर, आमच्या कंपनीत कॉम्प्युटर येणार असं ठरलं आणि मला उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या एका क्लासला दर रविवारी जायला सांगण्यात आलं. मी नाव घालण्याआधी क्लास तपासायला मामा माझ्याबरोबर आले. क्लास एका सिंधी गृहस्थांचा होता. त्यांना सगळे साईं म्हणत. मामांनी पंखे पाहिले, खुर्च्या हलवून पाहिल्या, आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी थबकले. तिथे एक चष्मा लावलेला कॉलेजचा मुलगा खेळत होता. जादूगार, तलवारी, भुयारं, राक्षस असा तो खेळ होता. साईंच्या भावाने सिंगापूरहून आणलेला. मामांनी पाच मिनिटं बघितलं आणि त्या मुलाला म्हणाले, "पेटी उघडण्याआधी तू ती हलवून बघितली नाहीस." तेवढ्यात पेटीतून साप निघाला आणि त्याचा योद्धा मेला. चष्मिशने मागे वळून पाहिलं, खुर्ची सोडली, आणि मामा बसले. पुढचे आठ महिने दर रविवारी दुपारी क्लास सुटल्यावर ते तिथेच बसत होते.

मामांच्या खेळण्याचं वर्णन करायचं तर त्यांनी खेळाचाही कारखाना केला. प्रत्येकाला चार माणसांचा चमू मिळे. इतरांच्या चमूत वीर, वादळ, वज्र अशी नावं. मामांच्या योद्ध्याचं नाव फिटर, जादूगाराचं केमिस्ट, धनुर्धराचं सुपरवायझर आणि कुलपं उघडणाऱ्या चोराचं नाव स्टोअरकीपर. मी हरकत घेतली तेव्हा म्हणाले, "जावईबापू, किल्ल्या त्याच्याकडे आहेत, दुसरं काय नाव ठेवू?" जो पूल चष्मिश पळत ओलांडे तिथे मामांना पाऊण तास लागे, कारण ते एकेक फळी तपासत. मात्र चष्मिशची माणसं आठवड्याला दोनदा मरत आणि मामांचं आठ महिन्यांत एकही माणूस दगावलं नाही. ते इंग्रजी वाक्य मोठ्याने वाचत, मग मराठीत अर्थ लावत, मग उत्तर देत. राक्षस तोपर्यंत थांबून राहत असे. बदलापूरहून टायपिंग शिकायला येणाऱ्या एक बाई होत्या, त्या हे बघून स्वतःही खेळू लागल्या. त्यांचा नेम चांगला होता.

मग सिंगापूरहून त्या खेळाचा पुढचा भाग आला. चष्मिश त्याला एक्स्पान्शन म्हणे, साईं पार्ट दो म्हणत, आणि मामांनी एका दिवसात त्याचं नाव पुरवणी ठेवलं, कारण पुरवणी मूळ पेपरला बांधलेली असते आणि तिला वेगळे मार्क नसतात. आपली जुनी माणसं पुरवणीत न्यायची सोय होती, पण ती एकदा नेली की मूळ खेळात परत येत नव्हती. सगळ्यांनी उत्साहात नेली. पुरवणीत डोंगर चढून गेल्यावर जमिनीखालच्या एका शहराचं मोठं दार लागे. दारात एक म्हातारा पहारेकरी, शेजारी दगडी कट्टा. पहारेकरी एकच वाक्य बोलायचा, की तुम्ही आत यायला तयार नाही. बस. चष्मिशने महिनाभर आणखी राक्षस मारून ताकद वाढवली, दोन महिने खपून आगीची काठी मिळवली, आणि पहारेकरी तेच म्हणाला. बाईंनी नवीन धनुष्य घेतलं, पहारेकरी तेच म्हणाला. पुरवणीचं दार कुणालाच उघडलं नाही.

एका रविवारी साईंनी मला हाक मारली. हार्ड डिस्क भरली होती आणि त्यांना अकाउंट्सचा नवा कोर्स घालायचा होता. "तुमचा हँडरायटिंग अच्छा आहे," ते म्हणाले, "सबका मत लिहून घ्या. पब्लिक नको बोलली तर मी पार्ट दो काढून टाकतो." मी रजिस्टर घेतलं आणि तीन रकाने आखले: नाव, मत, कारण. अशी कामं मला आवडतात. चष्मिशचं मत: बाद, कॉपीच खराब आहे, दार उघडतच नाही. बाईंचं मत: चित्रं सुरेख, पण माणसं तुसडी, एकच वाक्य बोलतात. आणखी चौघांनी चष्मिशचंच मत दिलं, एकाने तर 'वरीलप्रमाणे' असं लिहायला सांगितलं. मामांपाशी आलो तेव्हा ते म्हणाले, "माझा रकाना रिकामा ठेवा. तपासणी चालू आहे."

"मामा, बॉस, मान्य करा ना," चष्मिश म्हणाला, "कॉपी करप्ट आहे."

मामा म्हणाले की तीस वर्षांत त्यांनी दुसऱ्याने सांगितलं म्हणून एक खिळाही बाद केला नाही. साईं भले माणूस. ते कळवळून म्हणाले, "मामाजी, जगह नाही आहे. तुमचा राक्षस ठेवू की माझा कोर्स?" शेवटी पुढच्या रविवारपर्यंत मुदत मिळाली. रिक्षात मामा म्हणाले, "पुरवणी पुसली की आपली चौघंही पुसली जातील. फिटर, केमिस्ट, सगळे. एकही मेला नव्हता हो." मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो की तो खेळ आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला कळलं की माझं पिवळं त्या क्षणी लालकडे सरकलं होतं. आणि त्यांचंही बरोबर होतं. आठ महिन्यांत त्यांचं मत कुणी विचारलं असेल तर ते त्या एका रजिस्टरमध्ये.

गुरुवारी ते आमच्याकडे जेवायला आले. वरण-भातात मीठ कमी असूनही काही बोलले नाहीत, तेव्हा बायको घाबरलीच. निघताना सवयीने उंबऱ्यावर थांबले, हात अंगापासून दूर. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "मामा, काडेपेटी ठेवलीत का?"

या वेळी मामा हसले नाहीत. तसेच हात पसरून उभे राहिले. जिन्यावरून वर येणारे शेजारी त्यांना वळसा घालून गेले. मग मामा हळूच म्हणाले, "जावईबापू, तो दरवान काय म्हणतो? तुम्ही तयार नाही. आपण काय केलं? ताकद वाढवली, हत्यारं वाढवली. सगळे आणखी आणखी घेऊन गेलो." त्यांनी खिशातून काडेपेटी काढून तळहातावर ठेवली. "गेटवर तयार म्हणजे काय? तयार म्हणजे खिसे रिकामे."

रविवारी मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले, पूर्वी साहेबांच्या फेरीच्या दिवशी घालत तसा. मी रजिस्टर उघडून बसलो. साईं हात बांधून उभे, चष्मिश खुर्चीच्या पाठीवर रेललेला, बाई टायपिंग सोडून आलेल्या. मामांनी आपला चमू दारापर्यंत नेला. पहारेकरी म्हणाला, तुम्ही आत यायला तयार नाही. मामा पडद्याला म्हणाले, "जरा थांबा, साहेब." आणि त्यांनी एकेकाचे खिसे रिकामे करायला सुरुवात केली. फिटरची मशाल दगडी कट्ट्यावर. सुपरवायझरचे जळते बाण कट्ट्यावर. स्टोअरकीपरकडे चकमक आणि तेलाच्या दोन बाटल्या निघाल्या, तेव्हा मामांनी माझ्याकडे वळून पाहिलं. शेवटी केमिस्टची आगीची काठी. तीसुद्धा चष्मिशच्या काठीसारखीच दोन महिन्यांची कमाई होती.

"मामा, ती नको," चष्मिश म्हणाला. "ती परत मिळत नाही कुठे."

"परत जाताना मिळेल," मामा म्हणाले. "जमा करतोय, टाकत नाहीये." आणि काठी कट्ट्यावर ठेवली.

पहारेकऱ्याने मान हलवली. इतक्या महिन्यांत त्याने पहिल्यांदाच काहीतरी वेगळं केलं. केमिस्टच्या पिशवीत एक पितळी बिल्ला आला आणि दार घरघरत उघडलं. आत शहर होतं. रस्त्यांच्या दोन्ही बाजूंनी काळ्या तेलाचे पाट वाहत होते आणि उजेड होता तो भिंतींतल्या निळ्या दगडांचा. ठिणगी पडली असती तर शहर गेलं असतं. बाईंनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनी वाजवल्या, बाहेरून कापडवाल्याच्या दुकानातले दोघं काय झालं बघायला आले आणि त्यांनीही वाजवल्या. मामा खुर्चीतून उठले नाहीत. पडद्याकडे बघत म्हणाले, "दरवान चोख आहे." आमच्या घराण्यात याहून मोठी स्तुती मी कधी ऐकली नाही.

साईंनी सगळ्यांना दाल-पकवान मागवलं. पकवान मोडून, उजेडात धरून मामांनी ते पास केलं. मग त्यांनी माझ्याकडे रजिस्टर मागितलं. मला वाटलं, आता हे सगळ्यांची मतं लाल शाईने खोडणार. ते म्हणाले, कुणाचंही मत खोडायचं नाही, खाली नव्याने घ्यायचं. माणसाला दुरुस्तीची संधी असते. चष्मिशने स्वतःच्या हाताने लिहिलं: कॉपी ठीक आहे, मीच ठीक नव्हतो. बाईंनी लिहिलं: माणसं तुसडी नाहीत, नेमून दिलेलं काम करतात. मामांच्या रिकाम्या रकान्यात मी मत काय लिहू असं विचारलं, तर म्हणाले, "पुरवणी पास." आणि मोठ्या ऐटीत सही केली, खाली पूर्वीच्या हुद्द्यासकट. साईंनी अकाउंट्सच्या कोर्ससाठी टायपिंगचे जुने धडे पुसून टाकले. बाई तेव्हा पुरवणीच्या दारात आपले जळते बाण जमा करत होत्या.

त्यानंतर वर्षभर मामांचा कॅम्प एकमध्ये मान होता. नवीन खेळ आला की साईं म्हणत, पहले मामाजी को दिखाओ. मामांनी दोन खेळ बाद केले आणि एक दुरुस्तीला पाठवला. कुणाकडे, ते त्यांनी सांगितलं नाही.

मग पायऱ्या जड जाऊ लागल्या आणि मुलीने त्यांना नागपूरला न्यायचं ठरवलं. जायच्या दिवशी ते आमच्या उंबऱ्यावर थांबले, हात अंगापासून दूर. बायको आत सामान बांधत होती. खरं म्हणजे तिला बाहेर यायचं नव्हतं. म्हणून मीच विचारलं, "तयार?"

मामांनी खिशातून काडेपेटी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. "जमा," ते म्हणाले. मी खिसे चाचपले. आमच्या स्टोअरमधून हत्यार नेणाऱ्याकडून आम्ही पितळी बिल्ले घेतो, त्यातला सात नंबरचा खिशात राहून गेला होता. तो त्यांना दिला. त्यांनी तो उजेडात धरला, कडेवरून अंगठा फिरवला, वरच्या खिशात ठेवला.

"माझी चिठ्ठी अजून पिवळीच का?" मी विचारलं.

"पिवळीच," मामा म्हणाले. "अजून चालू माल आहे. बघत राहावं लागेल."

मामा नागपूरहून परत आले नाहीत. दोन वर्षांनी मुलीचं पत्र आलं, त्यात त्यांच्या कपाटातल्या वस्तूंची यादी होती, पण बिल्ल्याचा उल्लेख नव्हता. आमच्या स्टोअरच्या रजिस्टरमध्ये सात नंबर दर वर्षी गहाळ म्हणून खोडायला हवा. मी तिथे 'बाहेर दिलेला' असंच लिहितो. काडेपेटी माझ्या कपाटात वरच्या खणात आहे, काड्या सगळ्या शाबूत. दिवे गेले की मुलं ती मागतात. मी देत नाही. बिल्ला ज्याच्याकडे असतो त्याची वस्तू आपण वापरायची नसते.