माझं पोट भरलं का?

करंज्या तळल्याचा वास आला की संगमनेरचा तो नाताळ आठवतो. धाकट्या बहिणीच्या मेंदूतली गाठ नुकतीच काढली होती. त्यात भूक सांभाळणारा हायपोथॅलॅमस दुखावला, आणि पोट भरल्याचं तिला कळेनासं झालं. आई शेजारी बसून "भरलं गं आता" म्हणायची, तेव्हाच ती ताटावरून उठायची. त्या सकाळी आई चर्चला गेली होती. बहीण स्वयंपाकघरात हातात करंजी घेऊन रडवेली उभी होती. "दादा, सांग की, माझं पोट भरलं का?" मी तिच्या पोटावर हात ठेवून म्हणालो, "व्हय गं, लई भरलंय." तिनं करंजी हळूच डब्यात ठेवली. डोळ्यांत भूक तशीच होती. तरी स्वतःच्या पोटापेक्षा तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, याचं मला आजही अप्रूप वाटतं.