अक्कांचं बातमी वाचणं

लग्न होऊन मी पुण्याहून बंगळूरला आले, ती नव्वदीच्या सुरुवातीची वर्षं. जे. पी. नगरातल्या आमच्या घरी सासूबाईंना सगळे अक्काच म्हणत, त्यांचा मुलगासुद्धा. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, त्यामुळे बोलणं मराठी आणि वाचणं कानडी. अक्का पेपर वाचायच्या ते तांदूळ निवडल्यासारखा. पुढाऱ्याचं भाषण असो नाहीतर नळाला पाणी का नाही याचं कारण, त्यांचा प्रश्न एकच, "हे पाहिलं कुणी?" बातमीत 'असे समजते' आलं की मान हलवून म्हणायच्या, "सरी. ऐकीव." आणि पान उलटायच्या. सरी म्हणजे कानडीतलं 'बरं'. मला भारी गंमत वाटायची. पुण्यात उलटतपासणी घेणाऱ्यांची वाण नाही, पण पेपरची घेणारी बाई मी तिथेही पाहिली नव्हती.

नवरा यंत्रं दुरुस्त करायला गावोगाव फिरायचा. त्या दिवशी सकाळच्या बसने तो शिमोग्याला गेला. संध्याकाळी मी कपड्यांच्या घड्या घालत होते, तेवढ्यात शेजारच्या काकू सांजपेपर हातात घेऊन धावत आल्या. "अक्का, शिमोग्याची बस..." एवढंच म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

मला कानडी अक्षर लागत नव्हतं. मी अक्कांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी पदराला हात पुसले, चष्मा लावला आणि सावकाश मराठीत वाचून दाखवलं. सकाळची शिमोग्याची बस तुमकूरच्या पुढे ओढ्यात कोसळली. सर्व प्रवासी जागीच ठार.

मी मटकन खाली बसले. काकू माझ्या पाठीवरून हात फिरवू लागल्या. मला रडूही येईना.

"स्वल्प थांबा," अक्का म्हणाल्या. त्या पुढे वाचतच होत्या. ज्या बाईचा एकुलता एक मुलगा त्या बसमध्ये होता, ती बाई बातमी शेवटपर्यंत वाचत होती! मला त्यांचा राग आला. काळजाच्या जागी काय आहे हिच्या, असं वाटलं.

"इकडे बघ," त्यांनी मला जवळ बोलावलं. "वरती म्हणतोय, सगळे गेले. आणि खाली म्हणतोय, वळणावर बस अचानक कलली, असं एका प्रवाशाने सांगितलं. सगळे गेले, तर हे याला सांगितलं कुणी?"

काकूंचं रडणं थांबलं.

"म्हणजे ते आहेत?" मी विचारलं.

"तसं नाही लिहिलेलं," अक्का म्हणाल्या. "कुणीतरी बोलायला उरलंय, एवढंच यातून कळतंय. तो माझाच असेल, असं मी म्हणत नाही. पण सगळे गेले हे खोटं आहे. तेवढ्यावर रडायचं नाही."

त्या क्षणी 'आहे गं तो' एवढं खोटं त्यांनी मला सांगितलं असतं, तर मी त्यांचे पाय धरले असते. स्वतःच्या मनाला तरी सांगायचं होतं. पण कागदावर जेवढं होतं त्याच्यापेक्षा तसूभरही जास्त त्यांनी घेतलं नाही, आईच्या मायेनेसुद्धा.

दिवेलागणीला काकूंच्या घरी फोन आला. आमच्याकडे फोन नव्हता. आम्ही पोचेपर्यंत तो कटला होता. काकू हसतरडत सांगत होत्या, तुमकूरच्या इस्पितळातून बोलला, हात मोडलाय, पण सुखरूप आहे, उद्या येतो. मी देवापुढे साखर ठेवली. अक्का म्हणाल्या, "सरी. ऐकलं." आणि जेवणाचं ताट बाजूला सारून दाराशी बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो रिक्षातून उतरला. हात गळ्यात बांधलेला, शर्टावर चिखल. आत येताच चेव आल्यासारखा सांगायला लागला, बस कशी कलली, ओढा केवढा खोल, लोक कसे काचा फोडून बाहेर पडले. अक्का त्यातलं काही ऐकत नव्हत्या. एरवी पहिला प्रश्न त्यांचा, आज एकही विचारला नाही. त्यांनी त्याचं डोकं चाचपलं, मग कान, खांदे, बरा हात, एकेक बोट.

"आता पाहिलं," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या चिखलाच्या शर्टात तोंड खुपसून हमसून हमसून रडल्या.