सासूबाई सरळ उभ्या राहिल्या तेव्हा

सासूबाई पडल्या तर? संध्याकाळपासून डोक्यात हेच घोळतंय. मुलीचा ताप औषधाने उतरतो. बास्केटबॉल खेळणाऱ्या अडुसष्ट वर्षांच्या सासूबाईंच्या काळजीवर कुठलं औषध घ्यायचं?

सासूबाई चांगल्या उंच. त्यापायी लग्न लांबलं, आणि जमलं तेव्हा नवरा त्यांच्या खांद्याएवढा. लग्नाच्या फोटोत सासरे उभे, त्या खुर्चीत. पुढे प्रत्येक फोटोत त्यांना खुर्चीच मिळाली. वाकायची सवय अशी जडली की मोकळ्या रस्त्यावरही डोक्याला चौकट लागेल अशा चालायच्या.

मागच्या वर्षी एका धर्मादाय संस्थेने जुन्या गोदामात क्रीडाकेंद्र सुरू केलं. खेळणं फुकट, बूट देणगीतले. नातीला सोडायला सासूबाई जायच्या आणि बाकावर विणत बसायच्या. एकदा चेंडू रिंगमागे अडकला. मुलं शिडी शोधायला धावली. सासूबाईंनी विणकाम बाजूला ठेवलं आणि छत्रीच्या टोकाने तो अलगद पाडला.

कोच म्हणजे कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली मुलगी. ती बघतच राहिली.

"आजी, उंची किती तुमची?"

"हळू बोल गं, लग्न मोडेल."

"जरा सरळ उभ्या राहा ना."

त्या राहिल्या. माझी लेक सांगते, "आई, आजी वर जातच राहिली."

आठवड्याभरात त्या पुरुषांचे बूट घालून आज्यांच्या संघात. पहिल्या सामन्यात मध्यंतरानंतर बाजू बदलल्या, हे साफ विसरल्या. भर गर्दीतून चेंडू टाकला तो आपल्याच रिंगमध्ये, आणि दोन्ही हात वर करून मैदानाला फेरी मारली. समोरच्या संघातल्या एका आजीने त्यांना आनंदाने मिठीच मारली.

"दोन गुण माझे," घरी आल्यावर म्हणाल्या.

"आजी, ते त्यांना मिळाले."

"मिळाले ना कुणाला तरी? वाया नाही गेले."

उद्या बाहेरच्या संघाशी सामना आहे. साठीपुढच्या खेळाडूसाठी घरच्यांनी फोन करून होकार द्यायचा, असा केंद्राचा नियम. डॉक्टरांनी गुडघे तपासून केव्हाच हो म्हटलंय, वर मलाच विचारलं, "तुमचं बीपी बघू का?" नवरा म्हणतो, "आई माझी, पण काळजीचं खातं तुझ्याकडे."

संध्याकाळी मी म्हटलं, "आई, आता पुरे. पडलात तर?"

"बरं," एवढंच बोलून त्या खोलीकडे वळल्या. दारातून जाताना मान खाली घातली. वर्षभरात पहिल्यांदा. आमच्या घरातल्या चौकटी त्यांच्यापेक्षा चांगल्या वीतभर उंच आहेत.

कोचने सांगितलंय, कितीही उशिरा फोन केला तरी चालेल. आता करतेच. आईंना खेळू द्या म्हणते. आणि मध्यंतरानंतर बाजू बदलतात, तेवढं त्यांना पुन्हा एकदा नीट सांगा.